केटी संपली, आता मशीनला विचारा

हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या ऑफिसांत मेनफ्रेमची, म्हणजे क्लायंटच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाची, जबाबदारी बहुतेक वेळा अशीच हातात येते. क्लायंट अमेरिकेत किंवा युरोपात, तिथला सिसप्रोग (सिस्टम प्रोग्रामर) पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीला आलेला, आणि आपल्याला काही आठवड्यांची केटी (नॉलेज ट्रान्सफर), म्हणजे काम समजावून घ्यायची मुदत. शेवटच्या दिवशी एक शेअर्ड फोल्डर, एक एक्सेल शीट आणि निरोपाची ईमेल येते. सोमवारपासून सिस्टम तुमची.

हा लेख त्या सोमवारनंतरच्या आठवड्यांसाठी आहे. मी पुण्यातून झेडओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर, सिसप्रोग म्हणून काम करते. बँका आणि विमा कंपन्यांच्या सिस्टम्स अशा ताब्यात घेताना दर वेळी दोन प्रश्नांपासून सुरुवात करते. इथे काहीही करायची ताकद नेमकी कुणाकडे आहे? आणि इथे चालणाऱ्या कशाकशाचे पैसे जातायत? पहिला प्रश्न सिक्युरिटी टीमचा आणि दुसरा परचेसवाल्यांचा, असं समजून सिसप्रोग दोन्ही सोडून देतात. मला ते पटत नाही. दोन्हींची उत्तरं मशीनच्या आत असतात आणि तिथपर्यंत हात आपलाच पोचतो. केटीच्या फोल्डरमध्ये जाणाऱ्या माणसाला जे आठवलं तेवढंच असतं. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि शेत कसतोय दुसराच, हे गावात जसं जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, तसंच इथंही आहे.

पुढचं सगळं झेडओएस आणि रॅकएफ (कोण काय वाचू-बदलू शकतं ते ठरवणारं आयबीएमचं सिक्युरिटी प्रॉडक्ट) धरून लिहिलंय. तुमच्याकडे रॅकएफऐवजी एसीएफ२ किंवा टॉप सीक्रेट असेल तर कमांड वेगळ्या, प्रश्न तेच.

आधी परवानगी

क्लायंटचा मॅनेजर उत्साहाने म्हणेल, "तुम्हाला स्पेशल देऊन टाकतो, म्हणजे अडायला नको." नम्रपणे नाही म्हणा. पाहणी करायला स्पेशल, म्हणजे रॅकएफमधलं काहीही बदलू देणारा अधिकार, लागत नाही. झेडओएस २.२ पासून रॅकएफमध्ये आरओऑडिट नावाचा अधिकार आहे. त्याने सगळ्या प्रोफाइल (कशावर कुणाला अधिकार ते लिहिलेल्या नोंदी) आणि सेटिंग्ज वाचता येतात, बदलता एकही येत नाही. साधा ऑडिटर अधिकार लॉगिंगच्या सेटिंग्ज बदलू देतो, म्हणून मी आरओऑडिटच मागते. ज्या आयडीने रोज टीएसओवर (मेनफ्रेमवर कमांड द्यायच्या स्क्रीनवर) बसता त्या आयडीवर स्पेशल किंवा ऑपरेशन्स (तसाच मोठा अधिकार, पुढे येईल) असूच नये. तुमचा पासवर्ड कुणी उचलला तर त्याच्या हाती काय लागेल, याचा विचार करून अधिकार घ्या.

दुसरं, काय बघणार आणि कोणते रिपोर्ट काढणार ते लिहून क्लायंटकडून ईमेलवर होकार घ्या. पाहणी सुरू असताना त्यांच्या सिक्युरिटी टीमला तुमच्या आयडीची हालचाल दिसणारच आहे. त्यांना ती आधीच माहीत असलेली बरी.

काय चालू आहे

पहिल्या दिवशी फक्त डिस्प्ले कमांड. 'डी आयपीएलइन्फो'ने शेवटचा आयपीएल (सिस्टम नव्याने सुरू करणं) कधी झाला, कुठली रिलीज आहे आणि आयईएसिस मेंबर, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंग्जच्या फाइल, कोणते घेतले ते कळतं. 'डी एम=सीपीयू'ने प्रोसेसर आणि मशीनचा सिरियल नंबर मिळतो; तो लायसन्सच्या वेळी लागेल. मग सेटिंग्जच्या लायब्ररी (परमलिब), एपीएफ आणि लिंकलिस्ट या लायब्ररींच्या याद्या, एसएमएफ (सिस्टमच्या हालचालींच्या नोंदी) आणि नोंदवलेली प्रॉडक्ट यांसाठी अनुक्रमे 'डी परमलिब', 'डी प्रॉग,एपीएफ', 'डी प्रॉग,एलएनकेएलएसटी', 'डी एसएमएफ,ओ', 'डी प्रॉड,स्टेट'. प्रत्येक एलपारवर (एकाच मशीनचा स्वतंत्र सिस्टम चालवणारा भाग) हे चालवा, आउटपुट तारखेसह एका डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरची फाइल) ठेवा आणि त्या डेटासेटला यूएसीसी नन असलेली, म्हणजे यादीत नसलेल्यांना काहीच अधिकार न देणारी, प्रोफाइल लावा. ही माहिती बाहेरच्या माणसासाठी नकाशा आहे.

मग परमलिबमधले मेंबर उघडून या आउटपुटशी ताडून बघा. कन्सोलवर दिसतं पण मेंबरमध्ये नाही, याचा अर्थ कुणीतरी चालू सिस्टमवर कमांड देऊन ते जोडलंय आणि पुढच्या आयपीएलला ते नाहीसं होणार. कित्येक प्रॉडक्शन सिस्टम्सना महिनोन्‌महिने आयपीएल होत नाही. असा फरक आज सापडला तर रविवारी पहाटे आयपीएलनंतर एखादं प्रॉडक्ट का उठत नाही, हे शोधत बसावं लागत नाही.

एपीएफ: इथे वेळ द्या

एपीएफ लायब्ररी म्हणजे ज्यातल्या प्रोग्रामवर सिस्टम पूर्ण विश्वास ठेवते अशी लायब्ररी. तिच्यात ऑथराइज्ड म्हणून लिंक केलेला प्रोग्राम सुपरवायझर स्टेटमध्ये आणि मेमरीच्या 'की झिरो'मध्ये, म्हणजे जवळजवळ काहीच अडवणूक नसलेल्या स्थितीत, जाऊ शकतो. तिथे गेला की मेमरीतला स्वतःच्या आयडीचा सिक्युरिटी ब्लॉक बदलून तो स्वतःला स्पेशल करून घेऊ शकतो, आणि रॅकएफला पुढे विचारावंच लागत नाही. म्हणून ज्याला एका एपीएफ लायब्ररीवर अपडेट आहे त्याला सगळ्या मशीनवर अपडेट आहे, असंच धरायचं. स्पेशल असलेल्यांची यादी सगळे बघतात, ही यादी फार कमी लोक बघतात.

डीएसमॉन या रॅकएफच्या रिपोर्ट टूलचा सिलेक्टेड डेटासेट्स रिपोर्ट चालवा. एपीएफ, लिंकलिस्ट, मास्टर कॅटलॉग आणि रॅकएफ डेटाबेस एकाच जागी, त्यांच्या यूएसीसीसह दिसतात. पण तिथे थांबू नका. यूएसीसी नन असूनही अॅक्सेस लिस्टमध्ये स्टारला, म्हणजे प्रत्येक यूझरला, अपडेट दिलेलं असू शकतं. प्रोफाइल वॉर्निंग मोडमध्ये, म्हणजे अडवण्याऐवजी फक्त इशारा देऊन आत सोडणारी, असू शकते. एखाद्या ग्रुपला अल्टर (सगळ्यात वरचा अधिकार) असतं आणि त्या ग्रुपमध्ये दहा वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी आलेले डेव्हलपर अजून असतात. म्हणून प्रत्येक लायब्ररीवर 'लिस्टडीएसडी' ऑलसह चालवा, ग्रुप उलगडा आणि शेवटी माणसांपर्यंत पोचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढं मोलाचं दुसरं काम या पाहणीत नाही.

दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, लिंकलिस्ट, म्हणजे प्रोग्राम शोधताना सिस्टम आपोआप बघते त्या लायब्ररी. आयईएसिसमध्ये एलएनकेऑथचं मूळ सेटिंग असं असतं की लिंकलिस्टमधून उचलल्या जाणाऱ्या लायब्ररी आपोआप ऑथराइज्ड धरल्या जातात. 'डी प्रॉग,एपीएफ'च्या यादीत त्या असतीलच असं नाही. म्हणजे तुमची खरी यादी दोन्ही मिळून बनते.

दुसरी, यादीत नाव आहे पण डेटासेटच नाही. एका विमा कंपनीच्या सिस्टमवर मला यादीत एका जुन्या प्रॉडक्टची लायब्ररी दिसली. प्रॉडक्ट केव्हाच काढून टाकलेलं, लायब्ररी डिलीट झालेली, पण प्रॉग मेंबरमधली ओळ कुणी पुसली नव्हती. ती ज्यावर होती तो व्हॉल्यूम (डिस्क) पुढे टेस्टच्या लोकांना कामासाठी दिला गेला होता आणि त्या हाय-लेव्हल क्वालिफायरची (डेटासेटच्या नावाचा पहिला भाग) प्रोफाइल प्रॉडक्टबरोबर गेली होती. अशा वेळी त्या नावाचा डेटासेट त्या व्हॉल्यूमवर जो बनवेल त्याला आयती एपीएफ लायब्ररी मिळते. एसएमएसच्या, म्हणजे ज्यांची जागा सिस्टमच ठरवते अशा डेटासेटच्या, नोंदींना तर व्हॉल्यूमचंही बंधन नसतं. उपाय साधा आहे: 'सेटप्रॉग'ने नोंद काढा, मेंबरमधूनही काढा, आणि दोन्ही बदल एकाच चेंज रेकॉर्डमध्ये घ्या. त्याचबरोबर चालू सिस्टमवर एपीएफ नोंद जोडायचा अधिकार कुणाला आहे तेही बघा. फॅसिलिटी क्लासमधल्या सीएसव्हीएपीएफ नावाच्या प्रोफाइलमध्ये ते ठरतं.

रॅकएफची पाहणी

डीएसमॉनचाच यूझर अॅट्रिब्यूट रिपोर्ट स्पेशल, ऑपरेशन्स आणि ऑडिटर असलेल्यांची यादी देतो. तिच्यात आयबीएमयूझर बघा. नव्या रॅकएफ डेटाबेसबरोबर येणारा हा आयडी आणि त्याचा मूळ पासवर्ड जगाला माहीत आहे. तो डिलीट करता येत नाही, रिव्होक करून ठेवायचा असतो. तो चालू स्थितीत आणि कशासाठी तरी वापरात दिसला तर त्याच दिवशी वर कळवा.

ऑपरेशन्सबद्दल वेगळं सांगते, कारण नावावरून तो निरुपद्रवी वाटतो. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला लागणारा अधिकार हा नाही. अॅक्सेस लिस्टमध्ये स्पष्टपणे अडवलं नसेल तर हा अधिकार असलेला माणूस जवळजवळ कुठलाही डेटासेट वाचू, लिहू आणि डिलीट करू शकतो. स्टोरेजवाल्यांना तो पूर्वी सवयीने दिला जायचा. आता त्यांच्या कामासाठी फॅसिलिटी क्लासमध्ये एसटीजीअॅडमिनच्या प्रोफाइल आहेत, त्या द्या.

'सेटरॉप्ट्स लिस्ट'च्या आउटपुटमध्ये मी आधी प्रोटेक्टऑल फेल मोडमध्ये आहे का ते बघते. तो नसेल तर प्रोफाइल नसलेला डेटासेट सर्वांसाठी उघडा. मग पासवर्डचा अल्गोरिदम.

इथे एक जुनी घटना सांगायलाच हवी. २०१२ साली स्वीडनमध्ये लॉजिका या आयटी सेवा कंपनीच्या मेनफ्रेममध्ये घुसखोरी झाली. घुसखोरांनी रॅकएफ डेटाबेसची कॉपी बाहेर नेली आणि आपल्या मशीनवर बसून त्यातले पासवर्ड फोडले. डेटाबेस बदलायची गरज त्यांना पडली नाही, वाचता आला एवढं पुरलं. जुन्या डीईएस पद्धतीत पासवर्ड जास्तीत जास्त आठ अक्षरांचा. मिक्स्ड केस बंद असेल तर मोठी अक्षरं, अंक आणि तीन चिन्हं मिळून ३९ पर्याय. आठ जागांना एकूण जोड्या होतात सुमारे ५.३५ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या ग्राफिक्स कार्डांपुढे टिकणारा नाही. केडीएफएईएस ही नवी, फोडायला अवघड पद्धत सुरू करा. महत्त्वाच्या आयडींना १४ ते १०० अक्षरांचा पासफ्रेज द्या आणि स्पेशल असलेल्या प्रत्येकाला एमएफए (पासवर्डबरोबर ओळखीचा दुसरा पुरावा) लावा. केडीएफएईएस चालू करण्याआधी डेटाबेस शेअर करणाऱ्या सगळ्या सिस्टम्सना ते समजतं का, आणि पासवर्ड तपासणारी एखादी जुनी एक्झिट (साइटने स्वतः जोडलेला प्रोग्राम) आड येते का, याची खात्री हवी.

रॅकएफ डेटाबेसवर रीडसुद्धा कुणाला नको. आणि फक्त मूळ डेटाबेसवर नाही. रोज रात्री आयआरआरयूटी२०० ने काढलेली कॉपी कुठल्या नावाने जाते? फुल व्हॉल्यूम डम्प कोण वाचू शकतं? डीआर (आपत्तीसाठी राखीव) साइटला जाणाऱ्या कॉपीचं काय? मूळ डेटासेट कडेकोट आणि बॅकअपच्या क्वालिफायरवर सगळ्यांना रीड, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय.

सखोल पाहणीसाठी डेटाबेसच्या कॉपीवर आयआरआरडीबीयू०० चालवा. चालू डेटाबेसवर नको. सपाट फाइल मिळते. त्यात यूझरची मूळ माहिती ०२०० रेकॉर्डमध्ये, डेटासेट प्रोफाइल ०४०० मध्ये आणि त्यांच्या अॅक्सेस लिस्ट ०४०४ मध्ये. सिस१.सॅम्पलिबमधला आयआरआरआयसीई मेंबर आइसटूल या सॉर्ट टूलचे तयार रिपोर्ट देतो. महागडं टूल नसलं तरी एवढ्यावर बहुतेक काम भागतं. वॉर्निंग मोडमधल्या प्रोफाइल, स्टारला दिलेले अधिकार, यूआयडी शून्य (युनिक्सचा सर्वाधिकार) असलेले आयडी, स्टार्टेड क्लासमध्ये ट्रस्टेड किंवा प्रिव्हिलेज्ड असलेले, म्हणजे रॅकएफ ज्यांना अडवत नाही असे, टास्क, दुसऱ्याच्या नावाने जॉब टाकू देणाऱ्या सरोगॅट प्रोफाइल: हे सगळं त्याच फाइलमधून निघतं. प्रिव्हिलेज्डकडे विशेष लक्ष द्या, कारण त्या टास्कने काय उघडलं याची रॅकएफ नोंदसुद्धा ठेवत नाही.

काढण्याआधी वर्षभर थांबा

यादी हातात आली की हात शिवशिवतात. थांबा. नको वाटणारा अधिकार क्वार्टर एंडला किंवा आर्थिक वर्ष संपताना एकाच जॉबला लागत असू शकतो. क्लायंटचं आर्थिक वर्ष कधी संपतं ते आधी विचारा, आपलं ३१ मार्च त्यांच्याकडे असेलच असं नाही. यशस्वी अॅक्सेसची नोंद मूळ सेटिंगमध्ये होत नाही, फक्त नाकारलेल्यांची होते. म्हणून संशयास्पद प्रोफाइलवर आधी ऑडिट सक्सेस चालू करा आणि एसएमएफच्या ८० नंबरच्या रेकॉर्डमध्ये कोण येतंय ते जमू द्या. जे कुणीच वापरत नाही ते नंतर निश्चिंतपणे काढता येतं.

या नियमाला अपवाद एपीएफ आणि रॅकएफ डेटाबेसचा. स्टारला अपडेट असेल तर वाट बघू नका. कुणाला खरंच लागतंय ते दोन दिवसांत शोधा, त्या आयडीला नावाने द्या आणि स्टार काढा.

पॅचिंगबद्दल थोडक्यात. आयबीएम एमव्हीएसच्या (झेडओएसचं जुनं रूप) इंटेग्रिटीची, म्हणजे परवानगी नसलेला प्रोग्राम सिस्टमची सुरक्षा ओलांडू शकणार नाही याची, लेखी हमी १९७३ पासून देत आलीय, पण इंटेग्रिटीच्या त्रुटींचे तपशील उघडपणे छापत नाही. ते आयबीएम झेड सिक्युरिटी पोर्टलवर नोंदणी केलेल्या ग्राहकालाच दिसतात. क्लायंटच्या नावाने ती नोंदणी आहे का आणि ती निवृत्त माणसाच्या ईमेलवर तर नाही ना, हे पहिल्या आठवड्यात विचारा. रिलीजही बघा: झेडओएस २.४ चा नियमित सपोर्ट सप्टेंबर २०२४ मध्ये संपलाय.

आता पैसे

लायसन्सच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: करार कुठला? आयबीएमची मुख्य प्रॉडक्ट, म्हणजे झेडओएस, डीबी२, सीआयसीएस, आयएमएस, एमक्यू, पारंपरिक पद्धतीत एमएलसीवर, म्हणजे मासिक भाड्यावर असतात. बाकी बरीचशी टूल्स आयपीएलएवर: एकदा किंमत, मग दरवर्षी सपोर्टचे पैसे. २०१९ मध्ये टेलर्ड फिट प्रायसिंग आलं. त्यातल्या वापरावर आधारित प्रकारात महिन्याच्या शिखराला महत्त्व नाही, वर्षभरात एकूण किती एमएसयू (प्रोसेसर वापराचं एकक) वापरले ते मोजतात. हे न विचारता ट्यूनिंगला लागू नका. शिखर कापायची मेहनत टेलर्ड फिटच्या करारावर वाया जाते, आणि एकूण वापर कमी करायची मेहनत जुन्या करारावर शिखराच्या तासाला हात लावत नसेल तर बिलात दिसतच नाही.

जुनी सब-कॅपॅसिटी पद्धत (पूर्ण मशीनऐवजी वापराच्या शिखरावर बिल) अजून पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. प्रत्येक एलपारच्या वापराची सरकती चार तासांची सरासरी घेतात. एखादं प्रॉडक्ट ज्या एलपारांवर चालतं त्यांची त्या त्या तासाची सरासरी एकत्र करतात, आणि महिन्यातली सर्वात मोठी बेरीज म्हणजे त्या प्रॉडक्टचं बिल.

उदाहरण बघा. समजा एका एलपारचं सकाळी दहाचं शिखर ४०० एमएसयू, तेव्हा दुसरं १०० वर. रात्री दोनला दुसरं ३०० वर जातं, तेव्हा पहिलं १५० वर. दोन्हीवर चालणाऱ्या प्रॉडक्टचं बिल ५०० वर निघेल, ७०० वर नाही. पण महिन्यात एका रात्री बॅच लांबली आणि दुसरं एलपार सकाळी दहापर्यंत ३०० वरच राहिलं, तर बेरीज ७००. त्या एका सकाळीने अख्ख्या महिन्याचं बिल ठरवलं. म्हणून बॅच विंडो चुकल्याची नोंद फक्त ऑपरेशन्सच्या रिपोर्टमध्ये नको, लायसन्स बघणाऱ्यापर्यंत ती गेली पाहिजे.

या हिशेबातली दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. बहुतेक एमएलसी प्रॉडक्टचं मोजमाप त्या प्रॉडक्टने स्वतः किती सीपीयू घेतला यावर नसतं, ते ज्या एलपारवर चालू आहे त्या एलपारच्या वापरावर असतं. एका ठिकाणी डेव्हलपरांच्या सोयीसाठी डीबी२ चं छोटंसं टेस्ट सबसिस्टम अशा मोठ्या एलपारवर चालू ठेवलेलं होतं जिथे डीबी२ चं दुसरं काहीच नव्हतं. तीन-चार माणसं वापरायची, पण बिलाच्या हिशेबात त्या एलपारचे सगळे एमएसयू डीबी२ च्या नावावर चढत होते. सबसिस्टम दुसऱ्या एलपारवर हलवणं हे एका शनिवार-रविवारचं काम होतं. 'डी प्रॉड,स्टेट' आणि चालू टास्कची यादी समोर ठेवून प्रत्येक एलपारसाठी विचारा, हे इथेच का चालू आहे?

मोजणारं टूल म्हणजे एससीआरटी. महिना २ तारखेपासून पुढच्या १ तारखेपर्यंत धरतात आणि रिपोर्ट ९ तारखेपर्यंत आयबीएमकडे जावा लागतो. गेला नाही तर सब-कॅपॅसिटीचा फायदा जातो आणि पूर्ण मशीनच्या क्षमतेवर बिल येऊ शकतं. या टूलला एसएमएफचे ७० आणि ८९ नंबरचे रेकॉर्ड सगळ्या एलपारांवरून लागतात, आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी डेटा असेल तर कारण द्यावं लागतं. म्हणून एसएमएफपीआरएम मेंबरमध्ये हे दोन्ही प्रकार चालू आहेत का, डम्प जॉब रोज पूर्ण होतो का, नवीन एलपार त्या जॉबमध्ये जोडलाय का, हे स्वतः बघा. सिक्युरिटीचे ८० नंबरचे रेकॉर्डही याच एसएमएफमधून येतात. तिथे भोक पडलं तर ऑडिटरला उत्तर देता येत नाही आणि बिलावर हरकतही घेता येत नाही. म्हणून नव्या सिस्टमवर मी दुरुस्त करायला घेते ते सगळ्यात आधी एसएमएफ.

शिखर आवरायला डिफाइन्ड कॅपॅसिटी आणि ग्रुप कॅपॅसिटी आहेत. चार तासांची सरासरी मर्यादेच्या वर गेली की सिस्टम वेग आवळते. हे लावण्याआधी डब्ल्यूएलएमची (कामांचा प्राधान्यक्रम ठरवणारा सिस्टमचा भाग) पॉलिसी तपासा. ज्या कामांचं महत्त्व नीट लिहिलेलं नाही तिथे आवळलेला वेग नको त्या कामाला बसतो, आणि महिनाअखेरीला ऑनलाइन ट्रान्झॅक्शन अडकतात. झिप या ठरावीक कामांसाठीच्या खास प्रोसेसरवर गेलेलं काम एमएसयूत मोजलं जात नाही. पण झिप भरला की ते काम साध्या प्रोसेसरवर सांडू शकतं, आणि तिथे ते मोजलं जातं. आरएमएफ या वापर मोजणाऱ्या टूलच्या रिपोर्टमध्ये झिपला पात्र असून सीपीवर (साध्या प्रोसेसरवर) गेलेला वेळ वेगळा दाखवलेला असतो, तो आकडा दर महिन्याला बघा.

चाव्या आणि कलमं

बाहेरच्या कंपन्यांच्या बऱ्याच प्रॉडक्टना लायसन्सची की लागते, आणि ती मशीनच्या सिरियल नंबरला किंवा मॉडेलला बांधलेली असते. प्रत्येक कीची मुदत टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका, एकाच माणसाच्या नाही. मशीन बदलणार असेल तर नवा सिरियल नंबर मिळाल्याबरोबर व्हेंडरांना कळवा. सही-शिक्क्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. डीआर मशीनच्या चाव्या वेगळ्या असतात. डीआर टेस्टमध्ये सिस्टम वीस मिनिटांत उठली आणि जॉब शेड्युलरची की त्या मशीनसाठी नसल्याने पुढचे पाच तास एकही बॅच गेली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टेस्टच्या आधी प्रत्येक प्रॉडक्टसमोर डीआरचा सिरियल नंबर लिहिलेला कागद हवा.

ऑफशोअरला बसणाऱ्या आपल्यासाठी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो क्लायंटने विचारण्याआधी आपण विचारावा. व्हेंडरच्या करारात तिसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या देशातल्या माणसांना ते सॉफ्टवेअर हाताळायची मुभा आहे का? काही करारांत लायसन्स फक्त ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांपुरतं असतं आणि आउटसोर्सिंगसाठी लेखी संमती लागते. आउटसोर्सरवरच्या कलमांवरून मोठे खटले झालेत. एटी अँड टीचे मेनफ्रेम आयबीएम सांभाळत असताना तिथली बीएमसी सॉफ्टवेअरची प्रॉडक्ट काढून आयबीएमची बसवली गेली, यावरून ह्यूस्टनच्या न्यायालयाने मे २०२२ मध्ये आयबीएमला सुमारे १.६ अब्ज डॉलर द्यायला सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रॉडक्ट बदलण्याचं काम हाती घेताना कुठला करार कुणाला बांधतो हे वकिलांकडून लेखी घ्या. सिसप्रोगने तोंडी आश्वासनावर एसएमपी/ई (प्रॉडक्ट बसवायचं-काढायचं टूल) उघडू नये.

लायब्ररी डिलीट केली म्हणून बिल थांबत नाही. लायसन्स रद्द करायची नोटीस वेगळी द्यावी लागते. आणि इथेही वर्षाचा नियम लागू: महिनाभर ज्याचा मॉड्यूल कुणी लोड केला नाही ते प्रॉडक्ट डिसेंबरच्या एका जॉबला लागत असू शकतं.

सराव कुठे करायचा

नवीन मुलं-मुली मला हे सारखं विचारतात. लॅपटॉपवर झेडओएस चालवू का? हर्क्युलिस हा एम्युलेटर उघडपणे मिळतो आणि चांगला आहे, पण त्यावर झेडओएस चालवायचं लायसन्स आयबीएम देत नाही. कुठून तरी मिळालेल्या डिस्क इमेजला हात लावू नका, ऑफिसमधून कॉपी आणणं तर नोकरीवर बेतेल. लायसन्स कशासाठी दिलंय याला कायद्यात वजन आहे. ब्रिटनमधल्या विन्सोपिया कंपनीने २०१३ मध्ये आयबीएमकडून मेनफ्रेम सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं होतं. त्याचा वापर तिची पालक कंपनी एलझेडलॅब्सचं प्रॉडक्ट बनवण्यासाठी झाला, आणि मार्च २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो करारभंग ठरवला.

हर्क्युलिसवर एमव्हीएस ३.८जे ही खूप जुनी आवृत्ती मात्र बिनदिक्कत चालवा. टीके४ वजा किंवा टीके५ ही तयार पॅकेज घ्या. जेसीएल (जॉब लिहायची भाषा), टीएसओ, कन्सोल, आयपीएल, एपीएफची मूळ कल्पना हे सगळं तिथे हाताखालून जातं. आजच्या झेडओएससाठी आयबीएम झेड एक्सप्लोअर मोफत आहे. रॅकएफच्या अधिकारी कमांड तिथे मिळणार नाहीत, म्हणून 'लिस्टयूझर', 'लिस्टडीएसडी' स्वतःच्या आयडीवर चालवून आउटपुटमधली प्रत्येक ओळ मॅन्युअलशी जुळवून वाचा.

निष्कर्ष कसे द्यायचे

पाहणीचा अहवाल साध्या ईमेलला जोडू नका. क्लायंटच्याच सुरक्षित जागी ठेवा आणि तो कोण वाचणार ते मॅनेजरकडून ठरवून घ्या. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा: काय दिसलं त्याचं जसंच्या तसं आउटपुट तारखेसह, त्याने काय होऊ शकतं ते सिसप्रोग नसलेल्यालाही कळेल अशा एका वाक्यात, आणि दुरुस्ती मागे कशी घेता येईल. तिसरी गोष्ट नसेल तर चेंज बोर्ड मंजुरी देत नाही, आणि देऊही नये.

निवृत्त होणारा माणूस अजून नोकरीवर असेल तर अहवाल पाठवण्याआधी त्याच्यासोबत एकदा बसा. आरोपाच्या सुरात नको, "हे असं का ठेवलं होतं?" एवढंच विचारा. यादीतली प्रत्येक विचित्र नोंद कुणाच्या तरी आठवड्याच्या सुट्टीत, कुठल्या तरी बंद पडलेल्या सिस्टमला उठवताना टाकलेली असते, आणि ती का टाकली हे जगात एकट्या त्याला माहीत असतं. त्याचं उत्तर त्या नोंदीखाली लिहून ठेवा.